चार खणांचं पॅनल

सोमवार, ३ नोव्हेंबर

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. मी लिहिलं होतं की माझं डिझाइन पाहून टीमने टाळ्या वाजवल्या. हे खरं नाही. टाळ्या मॅडमनी वाजवल्या, आणि त्याही मीटिंग संपली, उठा आता, हे सांगण्यासाठी. दाढीवाल्या डेव्हलपरने एक टाळी वाजवली होती, पण ती डासासाठी. ही रोजनिशी कोणी वाचणार नसलं तरी तिच्यात खोटं असू नये. डिझाइन सगळ्यांना आवडलं होतं, ते वेगळं.

आमचं एक्स्टेन्शन ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये बसतं. वेबसाइट बनवणाऱ्याला पानावर काही वाकडं दिसलं की तो टूल्स उघडतो, आमच्या पॅनलवर येतो आणि ते का वाकडं झालं हे त्याला कळतं. आतापर्यंत या पॅनलमध्ये सगळी माहिती एकाखाली एक लोंबत होती, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ती रचना दाढीवाल्याची. त्याच्या दाढीत आणि त्याच्या डिझाइनमध्ये मला फारसा फरक दिसत नाही.

मी चार खण केले. वर डावीकडे पानाचा सांगाडा. वर उजवीकडे त्याला लागू होणारे नियम. खाली डावीकडे केलेले बदल. खाली उजवीकडे मार्गदर्शन. मार्गदर्शन मी स्वतः लिहिलं आहे. तो खण बंद करता येत नाही.

माझं प्रोबेशन याच महिनाअखेरीला संपतं. मॅडम म्हणाल्या, पॅनल टिकलं तर तू टिकलीस. त्या हसत म्हणाल्या. मी हसले नाही. पॅनल टिकणारच आहे, त्यात हसायचं काय?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दाढीवाला माझ्या टेबलापाशी आला. कप सरळ माझ्या कागदांवर ठेवला. म्हणाला, हे उजवीकडे डॉक करून पाहिलंस का? मी म्हटलं, योग्य वेळी पाहीन. तो म्हणाला, अगं बाई, सगळे तसंच वापरतात, अर्ध्या खिडकीत वेबसाइट आणि उरलेल्या पट्टीत आपण. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण ते सांग. तो म्हणाला, सगळे म्हणजे सगळे. याला उत्तर म्हणत नाहीत.

मी पॅनल नेहमी ब्राउझरच्या कडेला न चिकटवता सुटं, वेगळ्या खिडकीत उघडते. त्याला शास्त्रीय कारण आहे. पॅनलचं डिझाइन तपासायचं तर पॅनलवरच पुन्हा डेव्हलपर टूल्स उघडावी लागतात, आणि त्यासाठी पॅनल आधी सुटं करावं लागतं. मग ते ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर ऐसपैस पसरतं. चारही खण ताठ उभे. एका वेळी सगळं दिसतं. एकदा ते सुटं केल्यावर पुन्हा पट्टीत कोंबून कशाला बघायचं? माणूस घर बघायला गेला तर चावीच्या भोकातून बघतो का?

कपाचा गोल डाग नियमांच्या खणावर पडला आहे. कागद बदलला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

घरी युजर टेस्टिंग केलं. ऑफिसचा मोठा मॉनिटर आणायला परवानगी मिळाली नाही, म्हणून डिझाइन टीव्हीला जोडून दाखवलं.

आत्या पहिली. दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्यानेच मला घरी शिकवलं. लाकडी पट्टी घेऊन ती समास आखायची आणि म्हणायची, आधी जागा, मग अक्षर. मी कायम वर्गात पहिली यायचे. वर्गात मी एकटी होते हे लोक मुद्दाम सांगतात, पण पेपर सोपे नसायचे. आत्याने चष्मा लावून टीव्हीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, समास छान सोडलेत. मग विचारलं, बातम्या कधी लागतील?

दादाने पाहिलं आणि म्हणाला, बाईसाहेब, हे कपाट कोणत्या भिंतीला लावायचं? त्याचा अभिप्राय मी नोंदवलेला नाही. युजरची किमान पात्रता लागते.

वहिनी खरं म्हणजे याच धंद्यातली. एका प्रवास कंपनीच्या वेबसाइटचं काम ती घरूनच करते, जेवणाच्या टेबलावर, छोट्या लॅपटॉपवर. आमचं एक्स्टेन्शन घरात तीच एकटी वापरते, त्यामुळे तिचं मत जरा एकांगी असणार हे मी धरून चालले होते. ती म्हणाली, सुरेख दिसतंय गं. मग म्हणाली, माझ्या लॅपटॉपवर बसेल ना? मी टूल्स खाली डॉक करते, म्हणून विचारलं.

खाली! उजवीकडे लावणारे निदान उजवीकडे लावतात. खाली लावलं की पॅनलला उंची मिळते चार बोटं. मी वहिनीला समजावलं की ही सवय चांगली नाही. ती म्हणाली, बरं बाई, आणि भांडी आवरायला गेली.

निष्कर्ष: घरच्या चाचणीत डिझाइन उत्तीर्ण.

सोमवार, १० नोव्हेंबर

संकल्प. बुधवारपर्यंत पॅनल उजवीकडे डॉक करून पाहणे. दाढीवाला म्हणतो म्हणून नव्हे. माझ्या मनाला पटलं म्हणून.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मार्गदर्शनातले स्वल्पविराम तपासले. दिवस कसा गेला कळलं नाही. डॉकिंग उद्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दाढीवाल्याने खणांमधले दुभाजक ओढता येतील असं करून टाकलं. मला न विचारता! आता कोणीही उपटसुंभ येणार, दुभाजक धरणार आणि माझा खण चिरडणार. मी मॅडमकडे तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, अगं, लोकांना आपापल्या सोयीने ओढू दे की. लोकांची सोय. लोकांना काय सोयीचं हे लोकांना माहीत असतं तर डिझायनर नावाची जमात निघालीच नसती.

तडजोड म्हणून मी मार्गदर्शनाच्या खणाला किमान रुंदी दिली. कितीही ओढलं तरी तो त्याहून लहान होत नाही. भरपूर किमान रुंदी.

या गडबडीत डॉकिंग राहिलं. उद्या मॅडमसमोर डेमो आहे, तो झाला की शांतपणे बघेन.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डेमो झाला.

सविस्तर लिहिण्याची आज इच्छा नाही. फक्त घटना नोंदवते, कारण पुढे लोक वाटेल ते सांगतील.

मी माझ्या मॉनिटरवर दाखवणार होते. मॅडम म्हणाल्या, नको, माझ्या लॅपटॉपवरच बघते, मी रोज तिथेच बघते ना. त्यांनी टूल्स उघडली. उजवीकडे डॉक केलेली होती. मार्गदर्शनाने आपली किमान रुंदी घेतली. बाकीच्या तीन खणांना जे उरलं ते त्यांनी आपसात वाटून घेतलं. नियमांच्या खणात एका ओळीत एक अक्षर मावत होतं. सांगाड्याचा खण दिसेनासा झाला. मॅडम म्हणाल्या, अगं हे उभं काय आलंय? दाढीवाला म्हणाला, दुकानाची पाटी असते ना मॅडम, तशी वरून खाली वाचायची. मॅडम मान वाकडी करून वाचायला लागल्या. मग त्यांनी दुभाजक ओढला. मार्गदर्शन हललं नाही. पुन्हा ओढला. तेव्हा संपूर्ण पॅनल डावीकडे सरकलं आणि त्याने वेबसाइट झाकली. मॅडम म्हणाल्या, आता बघायचं काय? आपलं मार्गदर्शन? आणि तेवढ्यात त्यांना हसू आलं, ते आवरेना, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मी म्हटलं, लॅपटॉप लहान आहे. मॅडम म्हणाल्या, हो गं, जगातले बरेचसे लॅपटॉप लहान आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

झोप बरी लागली. शांत डोक्याने विचार केला. डेमोचं अपयश पूर्णपणे उपकरणाचं आहे. उत्तम पोशाख खुंटीला लटकवून बघायचा आणि शिंप्याला नावं ठेवायची, तशातला प्रकार.

दादाने विचारलं, डेमो कसा झाला? मी म्हटलं, मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. जे घडलं तेच सांगितलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

निर्णय आला. नव्या आवृत्तीत दाढीवाल्याची एकाखाली एक रचनाच राहणार. माझी रचना सेटिंग्जमध्ये, 'प्रगत मांडणी' या नावाने. मुळात बंद. ज्याला हवी त्याने शोधून चालू करायची.

एकूण विचार करता हा सन्मान आहे. सर्वसामान्यांसाठी ती, आणि प्रगतांसाठी ही. अशी वर्गवारी मी स्वतः सुचवायला संकोचले असते.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, हे बघ, तू जीव ओतून काम करतेस ते मला दिसतं. मला तुझी मांडणी काढून टाकायला जीवावर येतंय. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, आकडे काढू. एक जरी माणूस ती वापरत असेल तर ठेवू, तुझंही प्रोबेशन वाढवून घेईन मी, वरच्यांशी भांडेन. पण कोणीच नसेल तर माझ्याकडे बोलायला काही उरत नाही. कळतंय ना तुला?

मी म्हटलं, एकच का? त्या म्हणाल्या, अगं, एक मिळू दे आधी.

त्यांचा माणसांवर विश्वास कमी आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नवी आवृत्ती काल बाहेर पडली. 'प्रगत मांडणी' वापरणाऱ्यांचा आकडा: शून्य.

स्वाभाविक आहे. चांगल्या गोष्टीकडे माणसं हळूहळू वळतात. शिवाय सेटिंग्जपर्यंत जायची तसदी कोण घेतो? वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांना सेटिंग्ज आहेत हेही माहीत नसेल, उरलेल्यांना भीती वाटत असेल.

रात्री जेवताना घरी सगळी परिस्थिती सांगितली. मॅडमची अटही सांगितली. रडगाणं म्हणून नाही, घरच्यांना माहिती असावी म्हणून. दादा म्हणाला, म्हणजे जगात एक माणूस हवाय? मी म्हटलं, मिळतील ढिगाने. आत्याने आणखी वाढलं. वहिनीने विचारलं, ते सेटिंग्जमध्ये नक्की कुठे आहे गं? मी सांगितलं. तिला कामाच्या बाहेरच्या गोष्टींतही रस असतो, चांगली सवय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

एक!

सकाळी आकडे उघडले आणि एक. दाढीवाल्याने स्वतः येऊन सांगितलं, अभिनंदन, गिऱ्हाईक आलं तुझ्याकडे. तोंड असं केलं होतं जसं काही त्याच्या खिशातून गेलं. मी शांतपणे आभार मानले. जिंकलेल्या माणसाने नम्र असावं.

हा युजर कोण असेल याचा दिवसभर विचार केला. आमचे आकडे निनावी असतात, नाव कळत नाही आणि कळूही नये. पण स्वभाव कळतो. माझ्या मते हा वयाने मोठा, अनुभवी माणूस. शांत ऑफिस. समोर भलामोठा मॉनिटर. कपाखाली बशी ठेवणारा. उगाच इकडेतिकडे दुभाजक ओढत बसणार नाही. ज्या खणात जे आहे ते वाचेल आणि कामाला लागेल. मार्गदर्शन तर तो आवडीने वाचत असणार.

अशा माणसासाठीच मी डिझाइन केलं होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज तपशील आला. वापरणारा तोच, एकच. पण टूल्स खाली डॉक केलेली. खिडकीची उंची इतकी कमी की मी आधी आकडा चुकला असं समजले. आणि दुभाजक! सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस दुभाजकच ओढतोय. हा खण मोठा कर, तो लहान कर, पुन्हा हा मोठा कर. चार बोटांच्या पट्टीत चार खण उघडून बसलाय. मार्गदर्शन जागचं हलत नाही, म्हणून बाकीचं त्याच्याभोवती फिरवतोय.

अतिशय निराश झाले. एवढी विचारपूर्वक केलेली मांडणी एका अडाण्याच्या हाती पडली. हा कसला प्रगत? याला साधं वेगळ्या खिडकीत उघडायचं सुचू नये?

दाढीवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, एवढा छळ सोसून हा बंद का करत नाहीये? एकतर वेडा असेल नाहीतर तुझा नातेवाईक. कोणाच्या घरच्यांवर जाण्याची एक पातळी असते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ऑफिसातून लवकर आले. डोकं दुखत होतं.

वहिनी जेवणाच्या टेबलावर कामाला बसली होती. पाणी घ्यायला मी तिच्या मागून गेले. लॅपटॉपच्या वरच्या अर्ध्या भागात त्या प्रवास कंपनीचं पान, आणि खाली पट्टीत माझे चार खण. मी लगेच ओळखले. इतक्या लहान आकारात मी ते आधी पाहिले नव्हते.

नियमांच्या खणात एक ओळ दिसत होती. वहिनीने दुभाजक डावीकडे ओढला, मग दोन ओळी दिसल्या आणि सांगाडा गेला. तिने तो उजवीकडे ओढला, सांगाडा आला आणि नियम गेले. ती नाक स्क्रीनला लावून वाचत होती. उजवीकडे खाली मार्गदर्शन आपल्या जागी होतं. त्यातली एकच ओळ दिसत होती: 'घाई करू नका.' ती मीच लिहिली आहे.

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आलं. म्हणाले, तुम्हाला आठवड्याभरात झालंय काय? दोन तासांचं काम दोन दिवस चाललंय. शुक्रवारी सकाळी पान पूर्ण हवं, नाहीतर हे काम मी दुसऱ्या कोणालातरी देतो. वहिनी म्हणाली, हो सर. शुक्रवारी देते सर. नक्की सर. फोन ठेवला आणि मान चोळली.

मग तिने मला पाहिलं आणि लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला. म्हणाली, अगं, आलीस तू? चहा टाकते. मी म्हटलं, हे तू वापरतेस? ती म्हणाली, हो, म्हटलं बघू तरी. सवय होतेय हळूहळू. छान आहे गं.

दादा आतून बाहेर आला. म्हणाला, सवय कसली, तीन दिवस झाले हिची मान धरलीय, बाम चोळून चोळून माझे हात भाजले. बाईसाहेब, तुमच्या त्या कपाटाला काय ते पाय फुटू देत आणि जाऊ दे एकदाचं इथून. वहिनी म्हणाली, तू गप्प बस रे, तिचं डोकं दुखतंय, दिसत नाही का? दादा म्हणाला, तिचं डोकं दुखतंय, तुझी मान दुखतेय, सुखात आहे तो फक्त लॅपटॉप. वहिनी म्हणाली, शुक्रवारपर्यंतचा तर प्रश्न आहे.

तिने ते शुक्रवारपर्यंतचं माझ्याकडे न बघता म्हटलं. मग चहा टाकायला उठली.

मी खोलीत येऊन बसले आहे. चहा झाला. डोकं अजून दुखतंय.

सोमवारच्या नोंदीत दुरुस्ती: 'अडाण्याच्या' हा शब्द मागे घेते. त्याऐवजी 'गैरसोयीच्या स्क्रीनवर काम करणाऱ्या व्यक्तीच्या' असं वाचावं.

काय करायचं ते उघड आहे. वहिनीला सांगायचं की ते बंद कर. सेटिंग्जमध्ये जायचं, एक खूण काढायची, की तिची जुनी रचना परत. मला जाऊन सांगायला काही लागत नाही. मधे एक भिंत आहे आणि ती अजून टेबलावरच आहे. दुभाजक ओढला की माऊसचं बटण दाबल्याचा आवाज येतो, तो इथे ऐकू येतोय.

पण नीट विचार केला पाहिजे. शुक्रवारी मोजणी आहे. मोजणीच्या तोंडावर डिझायनरने एखाद्या युजरला गाठून हे वापर किंवा ते वापरू नकोस असं सांगणं, हा आकड्यांमध्ये सरळसरळ हस्तक्षेप झाला. युजर घरातला असला म्हणून नियम बदलत नाही. उलट घरातला असला की जास्तच काळजी घ्यायला हवी. उद्या कोणी विचारलं की तुम्ही निकालावर प्रभाव टाकलात का, तर मला मान खाली घालावी लागेल. आजवर मी असं काही केलेलं नाही आणि स्वतःच्या फायद्यातोट्याचा प्रश्न असताना तर मुळीच करणार नाही.

शिवाय वहिनीला शुक्रवारी सकाळी काम द्यायचं आहे. अशा वेळी मधेच मांडणी बदलायला लावून तिला गोंधळात टाकणं बरं नव्हे. एकदा ते झालं, एक तर काम दिलं किंवा गेलं, की ती मोकळी होईल. मग निवांत बसून समजावता येईल की दोष तिचा नाही आणि मांडणीचाही नाही, स्क्रीन लहान आहे.

तेव्हा ठरलं. वहिनीला सांगणार. सकाळी, उठल्या उठल्या, पहिली गोष्ट. शनिवार, २९ नोव्हेंबर.